'अप' म्हणजे वर, तर 'ईट अप'मध्ये वर काय जातं?

फळाखडू:

इंग्रजी फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे 'अप'सारखा छोटा शब्द मागे लागलेल्या क्रियापदांच्या, याद्या बाजारात पोत्याने मिळतात. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'ब्रिंग अप' म्हणजे लहानाचं मोठं करणे, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, अशा ओळीमागून ओळी. एमपीएससी कम्बाइन मुख्य परीक्षेच्या इंग्रजी अभ्यासक्रमात वाक्प्रचार आहेतच, आणि आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगच्या ७ बँडच्या (गुणपातळीच्या) निकषांत थोडी कमी वापरातली, इडिअमॅटिक शब्दसंपत्ती अपेक्षित आहे. त्यामुळे मुलं घोकतात. चार पर्यायांतून उत्तर निवडता येतं, पण स्वतः वाक्य करायची वेळ आली की घोडं अडतं.

सगळ्यात जास्त गोंधळ 'अप'चा होतो, म्हणून फक्त त्याबद्दल विचारते. 'ईट अप द मँगो'मध्ये वर काय जातं? 'पिक हिम अप' बरोबर, 'पिक अप हिम' चूक, पण 'लुक अप टु हिम' पुन्हा बरोबर, हे कोणत्या नियमाने? 'कोप अप विथ' सगळे म्हणतात, मग तो चूक का धरतात? आणि फॉर्म 'फिल अप' करायचा की 'फिल इन'? याद्यांच्या लिंका कृपया नकोत, कारणं हवीत.

रुळांची_खडखड:

'वर' हा एकच अर्थ धरून बसलं तर निम्मी क्रियापदं हातातून निसटतात. 'अप'चे कामापुरते तीन अर्थ धरा: वर, जवळ आणि पुरतं.

'वर' सगळ्यांना येतो. 'स्टँड अप', 'पिक अप' आणि त्यातून निघालेली वाढ: भाव 'गो अप' होतात, आवाज वाढवायला 'स्पीक अप', वेग वाढवायला 'स्पीड अप'. यावर वेळ घालवायची गरज नाही.

'जवळ' मात्र वर्गात शिकवलाच जात नाही. लोकलचं उदाहरण घ्या. सीएसएमटीकडे किंवा चर्चगेटकडे जाणारी गाडी 'अप', तिथून सुटणारी 'डाउन'. चढ-उताराशी याचा काडीचा संबंध नाही. कसाऱ्याहून इगतपुरीला थळ घाट चढत जाणारी गाडी डाउन असते आणि घाट उतरून मुंबईकडे येणारी अप. ही रीत ब्रिटनमधली, तिथे लंडनकडे जाणारी लाइन अप. म्हणजे मुख्य ठिकाणाच्या जवळ जाणं. क्रिकेटमध्येही तेच: फिरकीला यष्टिरक्षक 'स्टँड्स अप' म्हणजे यष्ट्यांना चिकटून उभा राहतो, वेगवान गोलंदाजाला 'स्टँड्स बॅक'. कर्णधाराने 'पिच इट अप' सांगितलं तर चेंडू फलंदाजाच्या जवळ टाकायचा, उंच नाही. 'वॉक अप टु समवन' सपाट जमिनीवरही होतं.

हा 'जवळ' कळला की 'शो अप', 'टर्न अप', 'क्रॉप अप', 'कम अप' आपोआप सुटतात. गोष्ट समोर आली, उपटली, उद्भवली. 'समथिंग हॅज कम अप' म्हणजे ऐनवेळी काहीतरी काम निघालं. नव्हती ती गोष्ट समोर आणून उभी केली की 'थिंक अप', 'ड्रॉ अप अ प्लॅन', आणि खोटी असेल तर 'मेक अप' किंवा 'कुक अप अ स्टोरी'.

आता तुमचा आंबा. हा तिसरा अर्थ, 'पुरतं'. इथे मराठी तुमच्या बाजूने आहे. 'खाल्ला' आणि 'खाऊन टाकला' यांत जो फरक, बराचसा तोच 'एट' आणि 'एट अप'मध्ये. कालावधी लावून बघा. 'तासभर आंबे खाल्ले' चालतं, 'तासभर आंबे खाऊन टाकले' खटकतं, 'तासाभरात खाऊन टाकले' पुन्हा ठीक. इंग्रजीतही 'एट मँगोज फॉर ॲन अवर' ठीक, पण 'एट अप द मँगोज'नंतर 'इन ॲन अवर' हवं. क्रिया शेवटाला नेणारा शब्द असल्यामुळे त्याला ठरावीक, संपू शकेल असं कर्म लागतं: 'द मँगोज', 'ऑल द राइस', 'हर सेव्हिंग्ज'. म्हणून 'आय ईट अप राइस एव्हरी डे' हे वाक्य विचित्र वाटतं. रोजच्या सवयीत संपवण्यासारखं काही नसतंच.

ही जोडी नकारात तुटते. 'तिनं भाजी खाऊन टाकली नाही' असं आपण सहसा म्हणत नाही. 'शी डिडन्ट ईट अप हर व्हेजिटेबल्स' मात्र सरळ चालतं, अर्थ एवढाच की ताटात उरली. शिवाय 'टाकणे'मध्ये एकदाची ब्याद गेली असा सूर पुष्कळदा असतो, तो 'अप'मध्ये शोधू नका.

फोडणे-फाडणे-चिरणे या क्रियापदांवर 'पुरतं' म्हणजे तुकडे तुकडे. एक कांदा घ्या. 'कट अप द अनियन' म्हणजे चिरून फोडी केल्या. 'कट ऑफ द रूट एंड' म्हणजे मुळाकडचं टोक उडवलं. 'कट आउट द ब्लॅक बिट' म्हणजे मधला काळा पडलेला भाग कोरून काढला. 'कट डाउन ऑन अनियन्स' म्हणजे कांदा खाणंच कमी केलं. आणि नुसतं 'कट द अनियन' म्हटलं तर सुरी लागली एवढंच कळतं, दोनच फाका झाल्या असतील. वर्गात हाच कांदा फळ्यावर काढा, चारही शब्द एका तासात बसतील.

इमारत 'बर्न्स डाउन', कारण ती कोसळते. उपग्रह वातावरणात शिरताना 'बर्न्स अप', कारण काही शिल्लक राहत नाही. 'स्लो डाउन' आणि 'स्लो अप' मात्र दोन्ही आहेत, अर्थ जवळपास एकच, दुसरं कमी वापरातलं. तिथे तर्क लावत बसू नये.

कर्मणी:

अर्थाचं वर नीट आलंय. शब्दक्रमाचं मी लिहितो, कारण मार्क तिथे जातात.

'अप' दोन वेगळ्या नोकऱ्या करतो. 'ही रॅन अप द हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही वाक्यं दिसायला जुळी आहेत. पहिल्यात 'अप' हा 'हिल'चा, शब्दयोगी अव्ययासारखा. तो टेकडी*वर* पळाला. दुसऱ्यात 'अप' हा 'रॅन'चा, दोघांनी मिळून एकच क्रिया: बिल वाढवून ठेवलं. ओळखायच्या तीन चाचण्या आहेत, तिन्ही लावा.

पहिली, कर्म मध्ये आणून बघा. 'रॅन अ बिल अप' चालतं, 'रॅन द हिल अप' नाही. दुसरी, मध्ये क्रियाविशेषण घाला. 'रॅन क्विकली अप द हिल' चालतं, 'रॅन क्विकली अप अ बिल' नाही, कारण तिथे जोडी फुटते. तिसरी कानाची. कर्माच्या जागी 'इट' ठेवून मोठ्याने म्हणा: 'रॅन इट अप'मध्ये आघात 'अप'वर येतो. टेकडीच्या वाक्यात तो 'हिल'वर पडतो आणि 'अप' दबून जातो.

आता सर्वनामाचा नियम. 'अप' क्रियापदाचा असेल आणि कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं, पर्याय नाही: 'पिक हिम अप', 'लुक इट अप', 'रिंग देम अप'. कर्म नाम असेल तर दोन्ही चालतात, 'पिक द किड्स अप' किंवा 'पिक अप द किड्स'. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटीच ठेवा. 'पिक द किड्स हू लिव्ह निअर द स्टेशन अप' हे व्याकरणात बसवता येईल, पण 'अप' येईपर्यंत ऐकणारा वाट विसरतो.

'पिक अप हिम' ही चूक आपल्याकडे इतकी का होते? मराठीने ही क्रियापदं नामं म्हणून उचलली आहेत. आपण 'पिकअप करतो', 'फॉलोअप घेतो', 'सेटअप लावतो', 'बॅकअप घेतो'. डोक्यात एकच अखंड शब्द बसलेला असतो, तो फोडून मध्ये 'हिम' घालायचं सुचत नाही. त्यामुळे मुलांना पहिल्या दिवसापासून 'पिक अप' असं शिकवूच नका, 'पिक समवन अप' असं तीन शब्दांत शिकवा. वहीतही तसंच लिहायला लावा.

'लुक अप टु हिम'मध्ये 'हिम' हे 'टु'च्या पुढे आहे. 'टु' हे शब्दयोगी, त्याचं नाम त्याच्या पुढेच येणार. तीन शब्दांच्या सगळ्या मंडळींना हे लागू: 'पुट अप विथ इट', 'कम अप विथ इट', 'लिव्ह अप टु इट', 'मेक अप फॉर इट'. यांत मध्ये काही घुसत नाही. शेवटचा छोटा शब्द मात्र अर्थ फिरवतो: 'कॅच अप विथ समवन' म्हणजे पुढे गेलेल्याला गाठणे, 'कॅच अप ऑन स्लीप' म्हणजे राहिलेली झोप भरून काढणे. 'मेक अप फॉर' ही भरपाई, 'मेक अप विथ' हा समेट.

'अप विथ विच आय विल नॉट पुट' हे चर्चिलच्या नावावर खपवलं जाणारं वाक्य (त्याने ते म्हटल्याचा पुरावा नाही) विनोदी वाटतं ते याचमुळे: 'विथ' उचलून पुढे नेता येतो, 'अप' नेता येत नाही.

आणखी एक, पेपरात हमखास येणारं. 'गिव्ह अप' आणि 'एंड अप' यांच्यानंतर क्रियापद आलं तर 'इंग'चंच रूप: 'गेव्ह अप स्मोकिंग', 'एंडेड अप पेइंग डबल'. 'गेव्ह अप टु स्मोक' लिहिलं की मार्क गेला.

टिपणी_सादर:

रुळांच्या तीन अर्थांशी वाचण्यापुरता सहमत, लिहिण्यापुरता नाही. त्यावरून मुलं नवी क्रियापदं पाडायला लागतात. 'फिनिश अप' आहे म्हणून 'कंप्लीट अप' होत नाही, 'यूज अप' आहे म्हणून 'कंझ्यूम अप' होत नाही. ढोबळ खूण अशी की 'अप'ला छोटी, रोजच्या वापरातली क्रियापदं मानवतात, ईट, टेअर, टाय, लॉक, कट अशी. लांब, लॅटिन वळणाच्या क्रियापदांना तो सहसा चिकटत नाही. 'डिव्हाइड अप'सारखे अपवाद आहेत. अर्थ समजायला गट वापरा, लिहिताना मात्र जोडी कर्मासकट पाठ असलीच पाहिजे.

आता 'कोप अप विथ'. 'कोप' एकटाच 'निभावणे' म्हणतो आणि त्याला फक्त 'विथ' लागतं: 'कोप विथ द वर्कलोड'. मध्ये 'अप' शिरला तो शेजाऱ्यांमुळे. 'कीप अप विथ', 'पुट अप विथ', 'कम अप विथ', 'कॅच अप विथ' एवढे सगळे आसपास असताना जीभ सवयीने 'कोप'लाही तेच शेपूट लावते. भारतीय इंग्रजीत हे इतकं रुळलंय की ऐकणाऱ्याला खटकत नाही. परीक्षेत चूक शोधायच्या प्रश्नात मात्र नेमकं हेच टाकतात. 'अप' काढून अर्थ जसाच्या तसा राहतोय का ते बघा. 'कीप विथ' निरर्थक होतं, 'कोप विथ' होत नाही.

फॉर्मबद्दल: ब्रिटिश 'फिल इन', अमेरिकन 'फिल आउट'. टाकी, बाटली, बादली 'फिल अप'. 'फिल अप द फॉर्म' जुन्या ब्रिटिश लिखाणात सापडतं, आपल्याकडे ते टिकलं. कार्यालयात बिनधास्त वापरा, कोणी अडवणार नाही. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात किंवा आयईएल्टीएसमध्ये 'फिल इन' लिहा. लक्षात ठेवायला सोपं आहे, कारण 'फिल इन द ब्लँक्स' प्रत्येकाने पहिलीपासून वाचलंय: जागा रिकामी असते, तिच्या *आत* भरायचं.

आणि 'पुट अप'. याच्याइतकं फसवं दुसरं नाही. मंत्रालयापासून तहसीलपर्यंत फाइल 'पुट अप' होते, म्हणजे वरिष्ठांपुढे सादर होते. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला हे संदर्भाशिवाय कळणार नाही, त्याच्यासाठी 'सबमिट' वापरा. 'आय ॲम पुटिंग अप इन दादर' आपल्याकडे 'दादरला राहतो', तिकडे 'दादरला तात्पुरता उतरलोय'. 'पुट समवन अप' म्हणजे कोणाला आपल्या घरी उतरवून घेणे. पोस्टर, तंबू, भाव, पैसे सगळं 'पुट अप' होतं: लावणे, उभारणे, वाढवणे, पुरवणे. 'पुट अप अ फाइट' म्हणजे झुंज देणे आणि 'अ पुट-अप जॉब' म्हणजे आधीच संगनमत करून रचलेला बनाव. या एका क्रियापदाला पूर्ण तास द्या, वाया जाणार नाही.

अवांतर: परक्यांना इंग्रजीत सगळ्यात अवघड काय, तर क्रियापदामागे लागणारे हे छोटे शब्द, असं सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. त्याच्या उदाहरणांत 'सेट इन' आहे, सलग टिकणारं काही सुरू होणे या अर्थी. हवामान खात्याचं 'मान्सून हॅज सेट इन ओव्हर केरला' आजही तेच.

फळाखडू:

टिपणी, 'कोप'ची चाचणी उद्याच फळ्यावर जाणार. कर्मणी, 'पिक समवन अप' असं तीन शब्दांत शिकवायचं पटलं. एक राहिलं. 'अप टु' आणि 'अप फॉर' मुलं सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात. 'आर यू अप टु इट' आणि 'आर यू अप फॉर इट' यांत नेमका फरक काय? आणि क्रियापद नसलेले वाक्प्रचार याच तीन अर्थांत बसतात का?

रुळांची_खडखड:

चार वाक्यं शेजारी शेजारी लिहा आणि खाली मराठी द्या.

'व्हॉट आर यू अप टु?' काय चाललंय? (सूर बदलला तर: काय उद्योग चाललेत तुझे?)
'आर यू अप टु इट?' झेपेल का तुला?
'आर यू अप फॉर इट?' येतोस का? तयार आहेस का?
'इट्स अप टु यू.' तुझ्यावर आहे, तू ठरव.

दुसरं ताकदीबद्दल, तिसरं इच्छेबद्दल. आजारातून उठलेल्या माणसाला 'अप टु इट' विचारतात, ट्रेकला बोलावताना 'अप फॉर इट'. उलट केलंत तर मित्राच्या ताकदीवर शंका घेतल्यासारखं होतं. गंमत म्हणजे हल्लीची तरुण मंडळी 'डाउन फॉर इट'ही म्हणतात आणि त्याचा अर्थही 'तयार आहे' हाच.

वाक्प्रचारांत काही बसतात. 'अप टु स्क्रॅच' हा उघड 'जवळ'मधला: जुन्या मुष्टियुद्धात जमिनीवर रेघ ओढलेली असे, प्रत्येक फेरीला तिच्यापाशी येऊन उभं राहावं लागे. जो येऊ शकला नाही तो हरला. आपल्याकडचं 'अप टु द मार्क' त्याच जातीचं. 'टाइम इज अप' आणि 'द गेम इज अप' हे 'पुरतं'मधले, वेळ संपली, डाव उघडा पडला. 'अप इन द एअर' म्हणजे अधांतरी, ठरलेलं नाही. 'समथिंग अप हिज स्लीव्ह' याला मात्र गट लागत नाही, बाहीत लपवलेला पत्ता डोळ्यांसमोर आणला की झालं. 'अप अँड रनिंग' सुरू झालेल्या यंत्रणेबद्दल, 'अप अँड अबाउट' आजारातून उठून हिंडू-फिरू लागलेल्या माणसाबद्दल. या दोघांची अदलाबदल करू नका, सर्व्हर 'अप अँड अबाउट' झाला म्हटलं तर हसू होईल.

मुद्रितशोधक:

स्पेलिंगचा मुद्दा कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. क्रियापद असेल तर दोन शब्द, मध्ये मोकळी जागा. नाम किंवा विशेषण असेल तर जोडून किंवा जोडरेषेने. 'प्लीज बॅक अप युअर फाइल्स'मध्ये दोन, 'टेक अ बॅकअप'मध्ये एक. 'सेट अप', 'चेक अप', 'फॉलो अप', 'ब्रेक अप' सगळ्यांना हेच. बोलतानाही फरक पडतो: नामात आघात पहिल्या भागावर, क्रियापदात 'अप'वर.

शंका आली तर भूतकाळ किंवा 'इंग'चं रूप करून बघा. प्रत्यय नेहमी क्रियापदाला लागतो: 'बॅक्ड अप', 'सेटिंग अप', 'फॉलोड अप'. 'बॅकअप्ड' आणि 'फॉलोअपिंग' हे ऑफिसच्या मेलमध्ये रोज दिसतात, दोन्ही चूक. क्रिकेटवाल्यांना उदाहरण द्यायचं तर १९४७ च्या सिडनी कसोटीत विनू मंकडने बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं, तेव्हा ब्राउन 'बॅकिंग अप' करत क्रीजबाहेर होता. तिथे कोणी 'बॅकअपिंग' म्हणणार नाही.

कोश कसा वाचायचा तेही मुलांना दाखवा. लाँगमन आणि ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत काही क्रियापदांच्या मध्ये दोन टोकांचा बाण असतो. बाण असेल तिथे नाम दोन्हीकडे चालतं आणि सर्वनाम मध्येच जातं. बाण नसेल तर कोशात छापलाय तो क्रम तसाच ठेवायचा, हलवायचा नाही.